नकाशात नसलेला खानदेश

खानदेश या नावाचा जिल्हा, तालुका किंवा महसुली विभाग आज महाराष्ट्रात कुठेही नाही. इंग्रजांनी १९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा पूर्व खानदेशाचा जळगाव झाला, पश्चिम खानदेशाचा धुळे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. सरकारी कागदांवर हा सगळा मुलूख आता 'उत्तर महाराष्ट्र' म्हणून ओळखला जातो आणि नाशिक विभागात मोजला जातो. तरीही पुण्यात खोली घेऊन राहणारा शिरपूरचा मुलगा, सुरतेत यंत्रमागावर काम करणारा शिंदखेड्याचा कामगार, भुसावळच्या फलाटावर घरच्या कळण्याच्या भाकरीची आठवण काढणारा प्रवासी, यांना विचारलं तर ते 'आम्ही खानदेशातले' असंच सांगतात.

हे नाव तहसील कचेरीने जपलं नाही. बायकांनी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या गाण्यांत, कानबाई या देवीच्या उत्सवात जपलं. लेखकांनी कादंबऱ्यांत, चित्रकारांनी आणि छायाचित्रकारांनी आपल्या कामात जपलं. एखादा प्रदेश आपलं अस्तित्व कल्पित साहित्यातून आणि कलेतून कसा टिकवतो, किंबहुना कसा नव्याने घडवतो, हा पुढच्या पानांचा विषय आहे.

या विषयाचा विचार करताना मला पोलंडकडे पाहावंसं वाटतं. १७९५ मध्ये रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड वाटून घेतला आणि १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षं, तो देश नकाशावर नव्हता. त्या काळात पोलंड राहिला तो मुख्यतः भाषेत आणि पुस्तकांत. आदाम मित्स्किएविच या कवीचं 'पान तादेऊश' हे पोलिश लोकांचं राष्ट्रीय महाकाव्य १८३४ साली पॅरिसमध्ये छापलं गेलं. त्याची सुरुवात लिथुआनियाला घातलेल्या सादेने होते, आणि कवीचं जन्मस्थान आज बेलारूसमध्ये आहे. एका देशाचं महाकाव्य, दुसऱ्या देशात छापलेलं, तिसऱ्याला साद घालणारं, चौथ्यात जन्मलेल्या माणसाचं. तरी पोलिश वाचकाला ते परकं वाटलेलं नाही. खानदेशाचं दुःख पोलंडच्या दुःखाच्या तोलाचं नाही. तिथे तीन साम्राज्यांची सैन्यं होती, इथे जिल्ह्याच्या पाट्या बदलल्या. पण जमिनीवरची हद्द पुसली गेल्यावर माणसं आपलं ठिकाण शब्दांत उभं करतात, ही गोष्ट दोन्हीकडे खरी आहे. महाराष्ट्राने ती डोळ्यांनी पाहिलीही आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. रशियातल्या हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेल्या या लोकांनी पंचगंगेच्या काठी पोलिश शाळा, चर्च, स्काऊटची पथकं असं आपलं गाव वसवलं होतं.

खानदेशात शिरायचं तर बहिणाबाईंच्या दारातूनच शिरावं लागतं. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या असोद्याच्या, जन्म १८८० चा. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावला आल्या, तिशीत विधवा झाल्या, शेतात राबल्या, लिहायला कधी शिकल्या नाहीत. जात्यावर, शेतात, खळ्यावर त्यांनी जी गाणी रचली ती मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी उतरून घेतली म्हणून राहिली. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. खानदेशातलं सगळ्यात लाडकं पुस्तक मराठी वाचकाच्या हाती एका प्रस्तावनेने दिलं. प्रस्तावना लिहिणाऱ्या प्रत्येकाने त्या जबाबदारीची जाणीव ठेवावी असं मला वाटतं.

बहिणाबाईंच्या गाण्यांत निसर्गदृश्य म्हणून काही नाही. काठावर उभं राहून कुणी शेताकडे पाहत नाही. पेरणी आहे, मोट आहे, उपणणी आहे, कपाशी आहे, सुगरणीचा खोपा आहे, आणि हे सगळं कामाच्या क्रमाने येतं. ठिकाण म्हणजे जिथे हात चालतो ती जागा. दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. पुरुष लेखकाचं गाव बहुधा एकच असतं. तो ते सोडतो आणि त्याच्याकडे परततो. बहिणाबाईंची गावं दोन. असोदा आणि जळगाव यांच्यात फार तर दोन-तीन कोसांचं अंतर, पण माहेर आणि सासर यांच्या मधली ती वाट त्यांच्या गाण्यात अख्ख्या आयुष्याएवढी लांब होते. आखाजीला माहेरी येऊन झोक्यावर बसलेल्या लेकींच्या गाण्यांतही हीच वाट आहे. खानदेशातल्या बाईची ओळख एका गावात मावत नाही, ती दोन गावांच्या मध्ये राहते. आपल्या समीक्षेने 'गाव' या विषयावर भरपूर लिहिलं, पण या वाटेकडे पुरेसं पाहिलं नाही.

बहिणाबाईंच्या भाषेला पुण्या-मुंबईकडे सर्रास अहिराणी म्हणतात. ती अहिराणी नाही. जळगाव, यावल, रावेर, भुसावळ या पूर्वेकडच्या पट्ट्यातली ती लेवा गणबोली. अहिराणी प्रामुख्याने पश्चिमेची: धुळे, साक्री, अमळनेर, चाळीसगाव आणि पुढे बागलाणपर्यंत. सातपुड्याच्या पायथ्याला गुजरी, तडवी, पावरी आणि भिलीची वेगवेगळी रूपं आहेत. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणात, १९०७ च्या खंडात, खानदेशीला मराठीच्या खंडात न ठेवता भिली भाषांबरोबर ठेवलं. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही स्वतंत्र भाषा म्हणून नोंदली गेली आहे आणि ती मातृभाषा सांगणारे सुमारे १८ लाख ६० हजार लोक आहेत. प्रत्यक्षात बोलणारे याहून पुष्कळ जास्त असावेत, कारण घरात अहिराणी बोलणारी कितीतरी माणसं नोंद घ्यायला आलेल्याला 'मराठी' असंच सांगतात. शाळेत त्या बोलीला हसलं गेलं की ती घराबाहेर पडत नाही, आणि हे हसणं खानदेशातल्या दोन-तीन पिढ्यांनी सोसलं आहे. म्हणून २०१८ मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं तेव्हा अनेकांना ती आपल्या आईच्या बोलण्याला मिळालेली दाद वाटली. मग ती आई लेवा बोलणारी असो की अहिराणी.

बालकवींच्या बाबतीत मात्र प्रश्न उलटा आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे १८९० साली धरणगावला जन्मले. १९०७ मध्ये जळगावला भरलेल्या कविसंमेलनात त्यांना 'बालकवी' म्हणून गौरवलं गेलं आणि १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. जन्म, कीर्ती आणि मृत्यू, तिन्ही जळगाव जिल्ह्यात. पण त्यांच्या कवितेतला हिरवा-निळा निसर्ग कुठल्या गावाचा आहे हे कवितेवरून ठरवता येत नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांनी तापणाऱ्या मुलखातल्या कवीने ओलावा कल्पनेतून आणला, असं म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. नदीकाठच्या बागाईत पट्ट्यात फिरलेल्या माणसाला ती सावली ठाऊक असते. माझं म्हणणं एवढंच की लेखक खानदेशात जन्मला म्हणून त्याचं सगळं लेखन खानदेशाचं होत नाही, आणि ते तसं करायचा हट्टही धरू नये.

आता भालचंद्र नेमाडे. यावल तालुक्यातलं सांगवी हे त्यांचं जन्मगाव, जन्म १९३८. १९६३ साली 'कोसला' आली तेव्हा ते पंचविशीत होते. तोवर मराठी कादंबरीत खेडं यायचं ते बहुधा शहरातल्या वाचकाला दाखवण्यासाठी, बोलीच्या ठसक्यासह, इरसाल किंवा दुःखी पात्रांसह. 'कोसला'चा नायक पांडुरंग सांगवीकर कुणाला काही दाखवत नाही. तो पुण्याच्या वसतिगृहातून आणि महाविद्यालयातून फिरतो आणि पुण्याकडेच परक्या मुलखाकडे पाहावं तसं पाहतो. खेड्यातल्या मुलाने शहराचं वर्णन करायचं, आणि तेही कमीपणा न घेता, हा बदल मराठीत फार मोठा होता. शिवाय नायकाच्या आडनावातच गाव आहे. तो गाव सोडून गेला तरी नाव घेताना गाव घेतलंच जातं. धाकटी बहीण मनी देवीच्या आजारात जाते तेव्हा सांगवी ही पार्श्वभूमी उरत नाही. ज्या घरात, ज्या एकत्र कुटुंबात हे घडतं, त्याच्याशी पांडुरंगाचं असलेलं सगळं नातं त्या पानांत तुटतं. मराठी गद्यात भावंडाच्या मृत्यूवर याहून खरं काही लिहिलं गेलं असेल तर ते माझ्या वाचनात नाही.

पुढे चांगदेव पाटलाच्या चार कादंबऱ्या झाल्या: 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल'. चांगदेव हे नाव खानदेशी वाचकाला लगेच तापी आणि पूर्णेच्या संगमावरच्या चांगदेव मंदिराकडे नेतं. नायक मात्र एका गावातून दुसऱ्या गावात बदलत्या नोकऱ्यांवर फिरणारा प्राध्यापक. मग २०१० मध्ये 'हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ'. इथे खंडेराव हा पुरातत्त्वाचा संशोधक मोहेंजोदडोच्या उत्खननावरून वडिलांच्या अखेरच्या आजारपणात मोरगावला परततो. १९६३ मध्ये लेखकाने स्वतःच्या गावाचं खरं नाव घेतलं होतं, सत्तेचाळीस वर्षांनी त्याने गाव रचलं. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. सांगवी एका मुलाचं घर होतं. मोरगाव म्हणजे थरावर थर असलेली पांढरी: कुणबी, महानुभाव, लमाण, फिरस्ते, शेती, देणीघेणी, भाऊबंदकी, मेलेल्यांच्या आठवणी. उत्खनन करणारा माणूस आपल्याच घरात उभा राहून खणू लागतो. एवढा पसारा खऱ्या नावाच्या गावात मावला नसता. त्यासाठी गाव कल्पावंच लागलं. २०१४ चं ज्ञानपीठ नेमाड्यांना मिळालं तेव्हा सांगवीत आनंद झाला, आणि तो रास्तच होता.

नेमाड्यांच्या देशीवादाबद्दल मात्र मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. साहित्य आपल्या मातीतून, आपल्या परंपरेतून उगवावं हा त्यांचा आग्रह इंग्रजी कादंबरीच्या सावलीत वाढलेल्या मराठीला आवश्यक होता. पण सिद्धांताला हद्द आखावी लागते: आत काय, बाहेर काय. कादंबरीला ते करावं लागत नाही. 'हिंदू'मध्ये जे जे आत येतं ते पाहिलं की कादंबरीकार नेमाडे सिद्धांतकार नेमाड्यांपेक्षा मोठे आहेत, असं माझं मत झालं आहे. आणि खानदेशाचा अनुभवही तेच सांगतो. इथली ओळख घडवणाऱ्यांत बाहेरून आलेल्यांचा वाटा थोडाथोडका नाही.

साने गुरुजी कोकणातल्या पालगडचे. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पुस्तकातलं घर कोकणातलं आहे, पण आईच्या गोष्टी मुलांना सांगायची सवय लागली ती अमळनेरच्या छात्रालयात. त्याआधी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं केली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. 'गीता प्रवचने' हे पुस्तक तसं झालं. धुळ्यातच इतिहासाचार्य राजवाड्यांनी अखेरचा काळ घालवला. १९२६ च्या शेवटच्या दिवशी ते गेले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. धुळ्याने कागद जपले, दप्तरं जपली, पोथ्या जपल्या. हे काम कथा-कवितेइतकं डोळ्यांत भरत नाही, पण पुढच्या कुठल्याही कादंबरीकाराला ते लागणारच आहे.

बाहेरून येऊन खानदेशाचा झालेला सगळ्यात विलक्षण कलावंत म्हणजे केकी मूस. जन्म १९१२, मुंबईचं पारशी कुटुंब. इंग्लंडमध्ये कला शिकून ते चाळीसगावला आले, स्टेशनजवळच्या बंगल्यात राहिले, आणि जवळजवळ पन्नास वर्षं त्या घराबाहेर क्वचितच पडले. १९८९ च्या ३१ डिसेंबरला त्याच घरात गेले. एका मैत्रिणीने गाडीने चाळीसगावला येण्याचं वचन दिलं होतं आणि रोज रात्री त्या गाडीच्या वेळेला ते दार उघडं ठेवून वाट पाहायचे, असं चाळीसगावात सांगतात. गोष्ट गावाच्या तोंडी आहे आणि गावाने ती प्रेमाने घडवली आहे. पण या गोष्टीमुळे मूस यांचं काम मागे पडतं याचं मला वाईट वाटतं. त्यांनी चित्रं काढली, शिल्पं केली, आणि टेबल-टॉप छायाचित्रणात तर ते जगभर नावाजले गेले. या प्रकारात मेजावर लहानसहान वस्तू मांडायच्या, उजेड कुठून आणि किती पडेल हे ठरवायचं, आणि कॅमेऱ्याच्या कोनातून असं दृश्य उभं करायचं की पाहणाऱ्याला ते मोकळ्या रानातलं, खऱ्या झाडांचं आणि खऱ्या वाटांचं वाटावं. उंबरठा न ओलांडणाऱ्या माणसाने मेजावर अख्खा मुलूख रचला. कल्पित आणि ठिकाण यांचं नातं याहून स्पष्ट करून सांगता येईल असं मला वाटत नाही.

इथे मला ब्रुनो शुल्झ आठवतो. द्रोहोबिच या लहान गावातला ज्यू लेखक आणि चित्रकार, शाळेत चित्रकला शिकवणारा, आयुष्यभर गावातच राहिलेला. १९३४ च्या 'दालचिनीची दुकानं' या कथासंग्रहात त्याने वडिलांचं कापडाचं दुकान आणि भोवतालच्या गल्ल्या यांतून एक अफाट, स्वप्नासारखं नगर उभं केलं. १९४२ च्या नोव्हेंबरात गेस्टापोच्या एका अधिकाऱ्याने त्याला भर रस्त्यात गोळी घातली. तो जन्मला तेव्हा द्रोहोबिच ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, मग पोलंडमध्ये आलं, मग सोव्हिएत राज्यात गेलं, आज युक्रेनमध्ये आहे. तो कुणाचा लेखक? पोलिश भाषेचा, एवढं नक्की. मूस यांनाही कुणी विचारावं की तुम्ही पारशी, मुंबईकर, इंग्लंडात शिकलेले, मग खानदेशी कसे? उत्तर चाळीसगावच्या त्या घरात आहे. आता ते कलादालन झालं आहे.

कल्पित कधीकधी खऱ्या श्रमावर मात करतं, त्याचं उदाहरण अजिंठा. लेणी पूर्वी निजामाच्या राज्यात होती, पण तिकडे जाणारी वाट जळगाव-फर्दापूरची. रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी १८४४ पासून अनेक वर्षं तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला कॅनव्हासवर उतरवत राहिला. त्या चित्रांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागलेल्या आगीत जळाली. तो परत कामाला लागला, आणि १८७९ मध्ये भुसावळला मेला; कबर तिथेच आहे. पारो नावाच्या स्थानिक स्त्रीवर त्याचं प्रेम होतं. ती १८५६ मध्ये गेली, तिची कबर अजिंठा गावात आहे. पुराव्याने एवढंच सांगता येतं. पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांनी या दोघांवर 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिलं, त्यावर २०१२ मध्ये चित्रपट झाला. महानोरांच्या कवितेत पारो निव्वळ प्रेमिका नाही. तिच्यातून अजिंठ्याचं रान बोलतं, आणि रानाची भाषा महानोरांइतकी मराठीत फार थोड्यांना आली. तरीही लोकांना आता प्रेमकथा ठाऊक आहे आणि गिलने शिडीवर, दिव्याच्या उजेडात, वटवाघळांच्या सोबतीने केलेलं दोन तपांहून अधिक काळाचं काम ठाऊक नाही. भुसावळच्या शाळांनी मुलांना त्या कबरीपाशी न्यावं आणि चित्र जळल्यावर पुन्हा ब्रश उचलणाऱ्या माणसाची गोष्ट सांगावी.

खानदेशाच्या ओळखीवरचा सगळ्यात कठीण प्रश्न सातपुड्यातून आला आहे. शहाद्याच्या वाहरू सोनवणे यांनी भिली आणि मराठी या दोन्ही भाषांत कविता लिहिली. 'गोधड' हा त्यांचा संग्रह १९८७ चा. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. शहादा-तळोद्याच्या शेतमजुरांच्या आणि आदिवासींच्या जमिनीच्या लढ्यातून आलेला हा कवी विचारतो की आमच्याविषयी बोलायला व्यासपीठावर नेहमी दुसरेच का असतात. हा प्रश्न सरकारला होता तितकाच चळवळीतल्या मित्रांनाही होता, आणि खानदेशाच्या अभिमानाने बोलणाऱ्या आपल्या सगळ्यांनाही आहे. केळी, कापूस, भरीत आणि सोन्याचा बाजार अशी खानदेशाची ओळख सांगताना ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची ओळख कुठे बसते? पोलंडमध्ये ओल्गा तोकार्चुक या नोबेल मिळवलेल्या लेखिकेने असाच प्रश्न आपल्या देशाला घातला. १९४५ नंतर ज्या घरांतून जर्मनांना घालवलं गेलं त्या घरांत आज पोलिश माणसं राहतात, आणि त्या घरांच्या भिंतींना आधीच्यांची आठवण आहे, हे त्यांच्या 'दिवसाचं घर, रात्रीचं घर' या १९९८ च्या कादंबरीत येतं. आपला मुलूख आपला म्हणताना तो आधी कुणाचा होता हे विचारणारं लेखन सोसायला समाज मोठ्या मनाचा असावा लागतो. आपल्याकडे वाहरूंच्या कवितेचा गौरव झाला, पण तिचा प्रश्न अजून उभा आहे.

या पुस्तकाची मांडणी कालक्रमाने नाही. बहिणाबाई आणि आखाजीची गाणी आधी, नेमाडे मध्ये, मूस आणि अजिंठा त्यानंतर, सातपुडा त्याच्या पुढे. शेवटचा भाग सुरतेचा आहे. तापी मुलताईला उगम पावते, भुसावळ, शिरपूर, सारंगखेड्यावरून वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळते, आणि धुळे-नंदुरबारची हजारो माणसं त्याच दिशेने कामाला गेली. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात अहिराणी ऐकू येते, कानबाईचे रोट होतात, अहिराणी गाण्यांच्या चित्रफिती तिथल्या लग्नांत वाजतात. तिथे जन्मलेली मुलं घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती, कामावर हिंदी बोलतात आणि मराठी शाळेत शिकली असली तरच मराठी वाचतात. खानदेश त्यांनी पाहिलेला असतो तो उन्हाळ्यातल्या लग्नसराईत. त्यांनी गोष्ट लिहिली तर ती कोणत्या लिपीत असेल, तिच्यातलं गाव आजोबांचं असेल की उधन्याच्या चाळीचं, आणि आपण तिला खानदेशातली म्हणू का, या प्रश्नांवरचे लेख मुद्दाम शेवटी ठेवले आहेत. ज्यांना घाई असेल त्यांनी ते आधी वाचले तरी हरकत नाही.